झुबानीच्या दोन थापट्या

इटलीतल्या आमच्या गार्दोने गावात सेवेरिना बेल्लेरीला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि तिच्या तोंडी लागायची हौस असलेला माणूसही सापडणार नाही. सदुसष्ट वर्षांची, बुटकी, काटक बाई. बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर हाताने बारीक जाळी कोरण्यात तिची चाळीस वर्षं गेली, त्यामुळे उजव्या हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला वाकलेला आहे. लग्न केलं नाही. मेल्ला नदीच्या काठी दोन खोल्यांत राहते. रविवारी चर्चमध्ये जाते, पण पाद्रीबाबा क्षमेवर बोलायला लागले की उठते आणि बाहेर पायरीवर जाऊन बसते. आजवर तीन पाद्री बदलले, ही आपली पायरीवरच.

या बाईने बासष्टाव्या वर्षी व्हिडिओ गेम खेळायचं मशीन विकत घेतलं तेव्हा अख्ख्या गावाने कपाळाला हात लावला.

झालं होतं असं, की एका दुपारी बारमध्ये ती कॉफी प्यायला गेली असताना भिंतीवरच्या टीव्हीवर कुणाचा तरी युद्धाचा खेळ चालला होता. पहिल्या महायुद्धातला इटालियन शिपाई, हातात आमची एक्क्याण्णव. अठराशे एक्क्याण्णव सालचं मॉडेल म्हणून एक्क्याण्णव. आमच्या खोऱ्यात तिला दुसरं नाव नाही. शिपायाने सहावी गोळी झाडली आणि रायफलीच्या वरच्या बाजूने काडतुसांची क्लिप ‘टिंग’ करून हवेत उडाली. सेवेरिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वरून?" ती ओरडली. "अरे मुडद्यांनो, वरून उडते ती अमेरिकन! आपली खालून पडते, खालच्या भोकातून, तीही शेवटचं काडतूस नळीत चढल्यावर. एवढं बघायला डोळे लागत नाहीत का?" बारवाल्याने घाबरून चॅनेल बदललं. पण तिचं काही शांत होईना. तिने मशीन घेतलं, रायफली असलेले सगळे खेळ घेतले, नाकावर चष्मा चढवून रोज दुपारी खेळायला बसली आणि खेळ बनवणाऱ्यांना पत्रं लिहायला लागली.

ती पत्रं म्हणजे नमुनाच. "महाशय, तुमच्या खेळात लांब एक्क्याण्णवचा सरळ मुठीचा बोल्ट तुम्ही आखूड नळीच्या घोडेस्वारांच्या रायफलीला लावलात. तिच्या बोल्टची मूठ खाली वाकवलेली असते. तुमचा शिपाई घोड्यावर बसला तर त्याची मांडी सोलून निघेल. दस्त्याचं लाकूड अक्रोडाचं असतं, तुम्ही रंगवलंय ते चॉकलेट आहे. कळावे." अशी तिने एकोणसत्तर पत्रं पाठवली. उत्तरं आली चार, त्यातलं एक मशीनने लिहिलेलं.

लोक हसायचे. म्हातारीला चळ लागला म्हणायचे. त्यांना वाटायचं हिला रायफलीची माया आहे. माया कसली? ती रायफल तिच्या भावाला खाऊन बसली होती. तिच्याबद्दल कुणी खोटं दाखवलं की सेवेरिनाला ते सहनच होत नसे, कारण त्या रायफलीबद्दलचं एक मोठं खोटं तिने आयुष्यभर गिळलं होतं.

ते खोटं असं.

एकोणीसशे शहात्तर साली गावात झुबानींचा कारखाना होता. सैन्याने मोडीत काढलेल्या एक्क्याण्णव रायफली घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि परदेशी शिकाऱ्यांना विकायच्या, असा धंदा. बेल्लेरींचं घरदार तिथेच राबायचं. बाप भट्टीवर, एकोणीस वर्षांची सेवेरिना दस्त्यांवर, आणि तिचा भाऊ अत्तिलिओ चाचणीला. अत्तिलिओ तेवीस वर्षांचा. दुरुस्त झालेली प्रत्येक रायफल बोगद्यात नेऊन झाडून बघायची, हे त्याचं काम. त्याचा साथीदार तिस्ता.

आता इथली एक रीत सांगितली पाहिजे. एक्क्याण्णवला चुकून बार होऊ नये म्हणून एक खटका आहे, पण तो इतका अडनिडा की कुणी वापरत नाही. आणि बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, नुसता मिटला तर आतली स्प्रिंग ताणलेली राहते, रात्रभर ताणून ढिली पडते. म्हणून रिकामी रायफल फळीवर ठेवताना आमच्याकडे चाप दाबून धरतात आणि तसाच बोल्ट मिटतात. मग स्प्रिंग अलगद खाली बसते. खोऱ्यातली शाळकरी मुलंसुद्धा हे डोळे मिटून करतात. रिकाम्या रायफलीला त्याने काही होत नाही. नळीत काडतूस असेल तर मात्र आतली पिन सरळ काडतुसाच्या बुडावर जाऊन टेकते आणि टेकूनच राहते. मागून एक ठोका बसला की संपलं. म्हणूनच अत्तिलिओ ही रीत पाळत नसे. तो बोल्ट उघडा ठेवायचा, म्हणजे लांबूनही नळी रिकामी दिसावी. लोक त्याला भित्रा म्हणायचे.

मालकाचा मुलगा एजिदिओ तेव्हा सत्तावीसचा होता. केसांना तेल, पायात ब्रेशा शहरातून आणलेले बूट, आणि जेवणाच्या सुट्टीत बोगद्यात जाऊन फुकटचा ठोठो करायची हौस. लहानपणी बर्फावर घसरून त्याच्या तर्जनीचं हाड मोडलं होतं, ते बोट वाकत नसे. म्हणून तो चाप मधल्या बोटाने दाबायचा. आणि बोल्ट मिटला की त्यावर तळहाताने दोन थापट्या मारायचा. थप, थप. वासराच्या पाठीवर मारतात तशा. कारखान्यात त्याची नक्कल करून लोक हसायचे, तो पाठ फिरवल्यावर.

अकरा मार्चला, दुपारी, सेवेरिना दस्त्यांची टोपली घेऊन बोगद्याच्या दारावरून चालली होती. आत एजिदिओ नेम धरत होता. तेवढ्यात कचेरीतून हाक आली, फोन आहे म्हणून. त्याने घाईघाईने बोल्ट उचलून पुन्हा मिटला, मधलं बोट चापावर, थप थप, आणि रायफल तपासून झालेल्या रायफलींच्या गाड्यावर ठेवून तो पळाला. सेवेरिनाने हे पाहिलं आणि पुढे गेली. त्यात पाहण्यासारखं होतं काय? सगळेच तसं करत.

सुट्टी संपल्यावर अत्तिलिओने तो गाडा ओढला. चाक उंबऱ्याला अडलं, गाड्याला हिसका बसला, रायफल मागे लोखंडी खांबावर आपटली. एकच बार झाला. अत्तिलिओ इस्पितळापर्यंत पोचला नाही.

चौकशी झाली. आपण त्या दिवशी एकाही रायफलीला हात लावला नाही, असं एजिदिओने सांगितलं. तो माझ्याबरोबर जेवत होता, असं त्याच्या बापाने सांगितलं. सेवेरिनाने जे पाहिलं ते सांगितलं. अधिकाऱ्याने विचारलं, "पोरी, तू त्याला काडतूस भरताना पाहिलंस?" ती म्हणाली, "नाही, मिटताना पाहिलं." तो म्हणाला, "मिटतात तर सगळेच." आणि कागदावर लिहिलं गेलं: मृत्यू, मृताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

ज्या गावात माणसाची किंमत त्याच्या हातावरून होते, तिथे हे वाक्य म्हणजे मेलेल्याला पुन्हा मारणं. अत्तिलिओच्या आईला बाजारात बायका वाट सोडून द्यायच्या, दयेने नव्हे, लाजेने. दुसऱ्याच दिवशी बापाने सेवेरिनाला समोर बसवलं. राहतं घर झुबानींचं होतं. "यापुढे एक शब्द बोलायचा नाही," तो म्हणाला, आणि बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. ती बोलली नाही. पण त्या दिवशी तिने मनाशी शपथ घेतली, की हे एजिदिओच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय आपण मरायचं नाही.

शपथ घेणं सोपं असतं. अठ्ठेचाळीस वर्षं ती पोटात ठेवणं काय असतं ते सेवेरिनाला विचारा. एजिदिओ मालक झाला, कारखाना विकून श्रीमंत झाला, सरकारने त्याला ‘कावालिएरे’ ही पदवी दिली. रस्त्यात भेटला की तो टोपी उचलायचा आणि ती "नमस्कार, कावालिएरे" म्हणायची.

आणि मग तिच्या पत्राला खरंखुरं उत्तर आलं. मिलानोमधल्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीतून लाविनिया नावाची तिशीची मुलगी स्वतः गाडी चालवत आली. आदामेल्लो पर्वताच्या हिमनदीवर पहिल्या महायुद्धात जी लढाई झाली त्यावर त्यांचा खेळ बनत होता, नाव ‘तीन हजार मीटर’.

"सिन्योरा, तुमची पत्रं आमच्याकडे भिंतीवर लावलीत," लाविनिया म्हणाली.

"थट्टा करायला?"

"आधी थट्टा करायलाच. मग आम्ही एकेक मुद्दा तपासला. सगळे खरे निघाले." तिने कागद पुढे केला. "आमची रायफल कुणाला नावं ठेवता येणार नाहीत अशी व्हायला हवी. तुम्ही तपासनीस व्हा. तुमच्या सहीशिवाय रायफलीबद्दलचं काहीही खेळात जाणार नाही. आणि हातही तुमचेच घेऊ. ठिपक्यांचे हातमोजे घालायचे, भोवती कॅमेरे असतात, हात जसे हलतील तसे पडद्यावर येतात."

सेवेरिनाच्या डोक्यात त्या क्षणी काय आलं ते तिने नंतर तिस्ताला सांगितलं, आणि तिस्ताने आम्हाला. तिला एकदम दिसलं, की माणूस खोटं बोलतो, बाप खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, पण हाताला ते जमत नाही.

"माझे हात लाकूड घासणाऱ्या बाईचे," ती म्हणाली. "रायफल चालवणारे हात हवेत तर कावालिएरे झुबानींकडे जा. पण मी नाव सुचवलं असं सांगू नका हं. मोठी माणसं, त्यांना वाटायला हवं की मिलानोपर्यंत त्यांची कीर्ती गेली."

एजिदिओ कशाला नाही म्हणतोय! पंचाहत्तराव्या वर्षी आपले हात जगभर दिसणार म्हटल्यावर तो चार दिवस आधी न्हाव्याकडे जाऊन बसला, नखं कापून घेतली. हातमोज्यांत नखं दिसत नाहीत हे त्याला कुणी सांगितलं नाही.

मिलानोतल्या त्या मोठ्या काळ्या खोलीत सेवेरिना कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, मांडीवर वही. तिला बघून एजिदिओ जरा चपापला, पण लगेच हसला. "अरे वा, बेल्लेरी! तुलाही बोलावलं? चहापाण्याला का?"

"तपासायला, कावालिएरे."

"तपास तपास. चुकलो तर कान धर माझे."

"धरीन," ती म्हणाली.

त्याच्या हातात खरी एक्क्याण्णव होती आणि वजनाला तंतोतंत असलेली, पण दारू नसलेली काडतुसं. लाविनियाने सांगितलं: क्लिप भरा, तीन गोळ्या झाडल्यासारखं करा, मग थांबा, श्वास घ्या, शिपाई विसावतो तसं काहीतरी करा. एजिदिओने भरलं, झाडल्यासारखं केलं. आणि थांबला.

सेवेरिनाच्या हातातली पेन्सिल घामाने निसटायला लागली. अठ्ठेचाळीस वर्षांत सवय गेली असली तर? कुणी हटकलं असलं, त्याने स्वतःच धसका घेऊन सोडली असली तर? मग सगळं फुकट होतं, ती आपली एक चळ लागलेली म्हातारी म्हणूनच मरणार होती.

एजिदिओने चौथं काडतूस नळीत चढवलं. मधलं बोट चापावर गेलं. बोल्ट मिटला. थप, थप.

ती हसली नाही, रडलीही नाही. वहीत तिने एक रेघ मारली. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस वेळा तेच चित्रित झालं आणि वहीत एक्केचाळीस रेघा झाल्या. त्याने धसका घेतला असता, एकदा जरी त्याचं बोट चापाशी अडखळलं असतं, तर कदाचित तिचा राग थोडा निवला असता. अडखळलं नाही. तिच्या भावाला मारणारी ती हालचाल त्या माणसाच्या लक्षातसुद्धा नव्हती. त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

तो गेल्यावर लाविनियाने विचारलं, "सिन्योरा, हे शेवटचं काय करतात ते? पुस्तकात असं नाही."

"पुस्तकात नसेल. गार्दोनेत करतात. रिकाम्या रायफलीला."

"पण ही तर भरलेली होती."

"हो."

"मग चूकच की ही. काढून टाकू?"

"युद्धात माणसं चुका करत नव्हती का?" सेवेरिना म्हणाली. "थकलेला शिपाई, थंडीने बधिर झालेला, सवयीने करून जातो. ठेवा. पण ठेवायचं तर पुरतं ठेवा. पिन काडतुसाला टेकलेली असते. त्यानंतर रायफल कुठे आपटली तर ती सुटली पाहिजे. खऱ्या आयुष्यात सुटते."

लाविनियाचे डोळे चमकले. असं काही कुठल्याच खेळात नव्हतं. सेवेरिनाने सही केली. स्वच्छ, पूर्ण नावाने.

खेळ बाहेर पडला त्याच आठवड्यात गावात त्याच्या कौतुकाचा कार्यक्रम ठेवला होता. चर्चच्या सभागृहात, रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. नगराध्यक्ष, पाद्रीबाबा, डोंगरी पलटणीतल्या आल्पिनी शिपायांच्या संघटनेचे, टोपीत पीस खोवलेले म्हातारे, आणि पहिल्या रांगेत निळ्या सुटातला एजिदिओ, त्याच्या शेजारी मुलगा, सून, नातवंडं. लाविनियाने विचारलं, पहिला कोण खेळणार? लोकांनी आरडाओरडा करून तिस्ताला पुढे ढकललं. चाचणीवाला तिस्ता, आता ब्याऐंशी वर्षांचा.

"अरे हे बटणांचं मला काय कळतंय?" तो म्हणाला. "माझ्या सुनेचं वॉशिंग मशीन मला लावता येत नाही!"

हशा पिकला. त्याने कसाबसा शिपाई चालवला, बर्फात गोळ्या झाडल्या. शेवटचं काडतूस चढलं तेव्हा क्लिप खालून पडली, तर म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग नवी क्लिप भरून तिस्ता थांबला, चष्मा पुसायला. पडद्यावर शिपायाचे हात मोकळे होते. ते आपसूक हलले. मोठ्या पडद्यावर, माणसाच्या उंचीएवढे हात. काडतूस नळीत, मधलं बोट चापावर, बोल्ट मिटला. थप, थप.

तिस्ताने चष्मा चढवला आणि चढणीचं बटण दाबलं. शिपायाने रायफल खांद्याला अडकवली, खडकावर चढायला लागला, दस्ता खडकावर आपटला. बार झाला. शिपाई पाठीवर पडला आणि पडद्यावर अक्षरं आली: स्वतःच्याच रायफलीने मृत्यू.

सभागृह पोट धरून हसलं. "तिस्ता, वॉशिंग मशीनच लाव बाबा!" कुणीतरी ओरडलं. तिस्ता हसला नाही. तो पडद्याकडे बघत राहिला, मग वळला.

"पोरी," त्याने लाविनियाला विचारलं, "हे हात कुणाचे?"

"कावालिएरे झुबानींचे!" लाविनिया अभिमानाने म्हणाली. "शेवटच्या नामावळीत पहिलंच नाव आहे. हात: एजिदिओ झुबानी."

पुढच्या बाकांवर जुन्या कारखान्यातली सात-आठ माणसं होती. त्यांचं हसू एकेक करून बंद झालं. मागच्यांना काही कळलं नाही, पण पुढचे गप्प झाले म्हणून तेही गप्प झाले.

"एजिदिओ," तिस्ता म्हणाला, "मधलं बोट."

"खेळ आहे तो!" एजिदिओ उसनं हसत म्हणाला. "या पोरांनी कॉम्प्युटरवर काहीतरी केलंय. मी असं कधी करत नाही."

"नाही हो कावालिएरे," लाविनिया गोंधळून म्हणाली, "आम्ही काहीच बदललेलं नाही. एक्केचाळीस वेळा चित्रित केलं, एक्केचाळीस वेळा तुम्ही हेच केलंत. सगळं जपून ठेवलंय, तारखेसकट."

तेव्हा सेवेरिना उठली. तिने आवाज चढवला नाही.

"अकरा मार्च, एकोणीसशे शहात्तर," ती म्हणाली. "जेवणाची सुट्टी. कचेरीतून फोनची हाक आली. तुमच्या हातातली रायफल तुम्ही अशीच मिटलीत आणि माझ्या भावाच्या गाड्यावर ठेवलीत. मी पाहिलं होतं. मी सांगितलंही होतं. तेव्हा मिटतात सगळेच असं म्हणाले. आता सांगा, कावालिएरे, असं मधल्या बोटाने गावात दुसरं कोण मिटतं?"

मग तिस्ता म्हणाला, "अत्तिलिओ बोल्ट उघडा ठेवायचा. मला माहीत होतं. मी तेव्हा बोललो नाही, मला दोन पोरं होती." एवढं बोलून तो तिथेच खुर्चीवर बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं.

एजिदिओ उठला. दारापर्यंत जाताना त्याने दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले होते. एकाही माणसाने त्याच्यासाठी पाय बाजूला घेतले नाहीत; त्याला सगळ्यांच्या गुडघ्यांना घासून जावं लागलं.

लाविनिया सेवेरिनाजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. "तुम्ही मला वापरलंत, सिन्योरा."

"वापरलं," सेवेरिना म्हणाली. "तुझं काम मात्र खोटं होऊ दिलं नाही. तुझी रायफल जगात सगळ्यात खरी आहे."

"काढायची असेल ती हालचाल, तर तुमचीच सही लागेल," लाविनिया म्हणाली. "माझ्याकडून मी काढणार नाही." आणि वायरी गुंडाळायला निघून गेली.

तीन दिवसांनी, दुपारी, एजिदिओ सेवेरिनाच्या दारात उभा राहिला. तिने मक्याच्या पिठाची पोलेंता ताटात वाढून घेतली होती, बरोबर सशाचा रस्सा. तिने त्याला आत घेतलं, पण बस म्हटलं नाही. तीन दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. आल्पिनी संघटनेने त्याला कळवलं होतं, की वार्षिक जेवणाला आला नाहीत तर बरं. बारमध्ये ब्रिस्कोलाच्या पत्त्यांच्या डावाला त्याच्याबरोबर चौथा गडी मिळत नव्हता.

"ते काढायला सांग," तो म्हणाला. "तुझ्या सहीने निघेल म्हणतात."

"आधी सांग," सेवेरिना म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने त्याला ‘अरे-तुरे’ केलं आणि त्यालाही ते कळलं. "मला नको सांगूस. कागदावर सांग. न्यायालयाला."

त्याने जेवणाच्या टेबलाच्या कडेला उभ्याउभ्याच लिहिलं. आठ ओळींना पाव तास लागला. भरलेली रायफल मी ठेवली. वडिलांना ठाऊक होतं. अत्तिलिओ बेल्लेरीची काहीही चूक नव्हती. शेवटच्या वाक्याला त्याचं पेन अडलं, तर तिने बोट ठेवून दाखवलं, "इथे. नाव पूर्ण लिही." त्याने लिहिलं, सही केली. तिने कागद दोनदा वाचला, शाई वाळेपर्यंत हातात धरला आणि घडी न घालता कपाटात आईच्या फोटोमागे ठेवला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की या क्षणी तिला हलकं वाटेल. वाटलं. अगदी ठरवलं होतं तसंच वाटलं, आणि तिला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

"आता फोन कर त्या मुलीला," एजिदिओ म्हणाला.

"कशाला?"

"काढायला."

"काढीन असं मी म्हटलं का?"

त्याला आधी समजलंच नाही. मग त्याचा चेहरा पांढरा पडला. "सेवेरिना, मी लिहून दिलं. सगळं लिहून दिलं!"

"खरं होतं ते लिहिलंस. त्याची भरपाई मागतोस? माझा भाऊ अठ्ठेचाळीस वर्षं निष्काळजी होता. तू जाशील चार-पाच वर्षांत. तुझे हात मात्र राहतील. कुठे ब्राझीलमध्ये, कुठे जपानमध्ये कुणीतरी जरा विसावेल आणि तुझे हात त्याला मारतील. आणि खाली तुझं नाव."

एजिदिओ दाराची चौकट धरून उभा राहिला. "माझी नातवंडं खेळतात गं तो खेळ," तो म्हणाला. आवाज पार गेला होता. "धाकटी विचारते, आजोबा, तुमचे हात असं का करतात?"

"सांग तिला," सेवेरिना म्हणाली. "अत्तिलिओला नातवंडं झाली असती, तर त्यांनीही काहीतरी विचारलंच असतं."

तिने दार लावलं. तो जिन्यावरून उतरेपर्यंत ती दाराला कान लावून उभी होती. म्हातारा एका पायरीवर बराच वेळ थांबला होता. मग ती येऊन जेवायला बसली. पोलेंता गार झाली होती, तरी तिने सगळी संपवली.